चांगला जपलेला जुना पिकअप क्रशरमध्ये जायच्या आधी काय काय करता येतं

फोर्कलिफ्टचे दोन दात एका दाराच्या काचेतून आत गेले आणि दुसऱ्या दारातून बाहेर आले, तेवढं बघितलं आणि मी मान फिरवली. १९७२ चा शेवरोले सी-टेन पिकअप होता, भंगारच्या यार्डात, गाड्या दाबून चपट्या करणाऱ्या क्रशरकडे निघालेला. रंग उन्हाने उडालेला पण कंपनीचाच, टेलगेटला (हौद्याचं मागचं फाळकं) एक पोचा नाही, केबिनचे मागचे खालचे कोपरे शाबूत, आणि ज्यांनी हे ट्रक हाताळलेत त्यांना माहितीये की हे कोपरे पन्नास वर्षांनी शाबूत असणं म्हणजे काय चीज आहे. मी तिथे भलताच एक पार्ट शोधायला गेलो होतो. यार्डवाल्याला विचारलं तर म्हणाला कागद झाले, आता काही होत नाही, दोन दिवस आधी यायचं होतंस.

ते दोन दिवस काही डोक्यातून जाईनात, म्हणून हे लिहितोय. कारण अशा ट्रकच्या बाबतीत सगळा खेळ त्या दोन-चार दिवसांचाच असतो. देणारा माणूस काही वाईट नसतो हो. घरातलं म्हातारं माणूस गेलेलं असतं, घर विकायचं असतं, शेडमध्ये वीस वर्षं उभा असलेला ट्रक सगळ्यांच्या वाटेत येत असतो आणि भंगारवाला एका फोनवर येऊन उचलून नेतो. त्याला तो ट्रक म्हणजे दीड-पावणेदोन टन लोखंड. तुम्हाला तो वेगळा दिसला असेल तर बोलायचं काम तुमचंच.

आधी ओळखायचं कसं ते सांगतो. चकचकीत रंगाला भुलू नका, उलट रंग नवा असेल तर जास्त संशय घ्या. ग्लोव्ह बॉक्सच्या आत, सीटच्या मागे, दाराच्या कडेला बघा, तिथला रंग आणि बाहेरचा रंग एकच असेल तर गाडी मूळ रंगात आहे. मग एक लहान चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून दाराच्या खालच्या भागावर, मागच्या चाकाच्या कमानीवर, केबिनच्या कोपऱ्यावर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. मग खाली झोपा (हो, झोपायलाच लागतं) आणि केबिन जिथे चासीवर बसते ते माउंट, रॉकर पॅनल (दाराखालचा लांब पत्रा) आणि फ्लोअर बघा, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका, भरीव आवाज आला तर ठीक, चुरा पडला तर गंज आतून खातोय. या पिढीच्या शेवरोलेंत पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे असते, १९७३ पासून ती चासीच्या बाहेरच्या बाजूला गेली, तेव्हा केबिनमध्ये पेट्रोलचा वास आला तर दचकू नका पण काडी-सिगरेट लांब ठेवा.

ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक स्टिकर असतो, त्यावर त्या ट्रकला फॅक्टरीतून काय काय लावून आलं ते कोडमध्ये छापलेलं असतं. तो वाचता येण्यासारखा असेल तर लगेच फोटो काढा, नंतर काढू म्हणू नका. फोर्डचा असेल तर ड्रायव्हरच्या दारावरची प्लेट बघा. आणि १९८१ च्या आधीची गाडी असेल तर सतरा अक्षर-आकड्यांचा ओळख नंबर (व्हीआयएन) शोधत बसू नका, तो नियम १९८१ पासूनचा आहे, आधीचे नंबर लहान असतात आणि प्रत्येक कंपनीचा हिशोब वेगळा.

इथे थोडं विषय सोडून बोलतो. लोक म्हणतात की क्लासिक गाडी कोण कशाला मोडेल. पण कुठलीही गाडी क्लासिक व्हायच्या आधी पंधरा-वीस वर्षं नुसतीच जुनी असते, आणि मरतात त्या तेव्हाच. २००९ मध्ये अमेरिकन सरकारने जुनी गाडी द्या आणि नवीन घ्यायला ३५०० किंवा ४५०० डॉलर मिळवा अशी योजना काढली होती, लोक तिला कॅश फॉर क्लंकर्स म्हणायचे. त्यात अट अशी की गाडी चालू पाहिजे, रजिस्टर आणि इन्शुरन्स पाहिजे, आणि २५ वर्षांपेक्षा जुनी नको. म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातले ट्रक वाचले आणि १९८५-८७ चे चौकोनी शेवरोले, जे तेव्हा कोणालाच क्लासिक वाटत नव्हते, ते मात्र बसत होते नियमात. इंजिनमधलं ऑइल काढून सोडियम सिलिकेटचं पाणी ओतायचे आणि गाडी २००० आरपीएमवर चालू ठेवायची, पाणी उडून जातं, मागे काचेसारखा थर उरतो, बेअरिंग धरतात आणि काही मिनिटांत इंजिन जाम. परत कोणी वापरू नये म्हणून. चालत्या इंजिनला असं मारताना मी एकदाच बघितलं, तेही व्हिडिओत, पुन्हा बघायची इच्छा नाही. पावणेसात लाखांच्या आसपास गाड्या गेल्या त्यात. सगळ्याच जपण्यासारख्या होत्या असं अजिबात म्हणत नाही, बऱ्याचशा खटारा होत्या. पण आज जो पिकअप तुम्हाला नुसता जुना वाटतोय तो कोणत्या रांगेत उभा आहे हे कळावं म्हणून सांगितलं.

तर पुढचं काम म्हणजे कागद. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत एकदा गाडी जंक म्हणून नोंदली की ती परत रस्त्यावर आणता येत नाही, मग ती कितीही धडधाकट असो. म्हणून यार्डवाल्याच्या मागे लागण्यापेक्षा मालकाला गाठा, ट्रक शेडमध्ये असतानाच. टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, कोणाच्या नावावर आहे, ते माणूस हयात आहे का, नसेल तर सही कोण करणार, हे तीन प्रश्न आधी. आणि बोलताना "तुम्हाला काय पाहिजे त्याचे" असं मोघम बोलू नका. भंगारवाला देतो त्यापेक्षा जास्त देतो, स्वतः उचलून नेतो, शेड झाडून देतो, असं सांगा. शेड झाडून देतो या वाक्याने माझे दोन सौदे झालेत, खरं सांगतो. आणि म्हाताऱ्या मालकाशी बोलत असाल तर ट्रकबद्दल विचारा आणि गप्प बसून ऐका, अशा लोकांना पैशापेक्षा तो ट्रक कोणाकडे जातोय याची जास्त काळजी असते.

आता मिळाला ट्रक. इथे लोक जे करतात ते बघून मला यार्डातल्या फोर्कलिफ्टपेक्षा जास्त राग येतो. बॅटरी लावतात, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओततात आणि चावी फिरवतात, बाजूला एक जण मोबाइल धरून उभा, वीस वर्षांनी पहिला स्टार्ट म्हणून. अरे थांबा ना. वीस वर्षं थांबलाय तो, अजून दोन दिवस थांबेल. आधी स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडंसं पातळ ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवून बघा. फिरत नसेल तर जोर करू नका, परत ऑइल टाका, परत थांबा. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून धरलेल्या असतात, स्टार्टरने झटका दिलात तर रिंग तुटते नाहीतर व्हॉल्व अडकलेला असेल तर पुशरॉड (व्हॉल्व उघडणारा दांडा) वाकतो. हाताने दोन-तीन पूर्ण फेरे मोकळे झाले की मग इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, आणि प्लग बाहेर असतानाच स्टार्टरने फिरवा, ऑइलचं प्रेशर दिसेपर्यंत.

टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं काढा, त्याचा वास वार्निशसारखा येतो, लगेच कळतं. पहिल्या स्टार्टला मूळ टाकी वापरूच नका, लहान कॅनमधून पेट्रोल द्या. आणि रबरी पाइप, कृपा करून, सगळे बदला. आत्ताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने फुगतं, भेगा पडतात, मग इंजिनच्या गरम मॅनिफोल्डवर थेंब पडतो, आणि पन्नास वर्षं जपलेला ट्रक पाच मिनिटांत जळून जातो. फायर एक्स्टिंग्विशर हाताला लागेल असा बाहेर ठेवा, सीटच्या मागे ठेवून काही उपयोग नाही, आग लागल्यावर तिथे कोण हात घालणार.

चालू झाला म्हणून लगेच चक्कर मारायला नेऊ नका, ब्रेक आधी. साठच्या दशकाच्या मधल्या वर्षांपर्यंतच्या बहुतेक अमेरिकन ट्रकमध्ये चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलचं एकच सर्किट असायचं, म्हणजे एक पाइप फुटला की पेडल थेट जमिनीला. टायरची नक्षी कितीही ताजी दिसो, रबर कडक झालेलं असतं, बाजूला लिहिलेली तारीख बघा आणि बदला. घरी आणताना फ्लॅटबेडवरच (गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक) आणा आणि पट्टे ॲक्सलला बांधा, बंपरला नाही.

इन्शुरन्सबद्दल थोडक्यात. साध्या पॉलिसीत कंपनी जुन्या गाडीची किंमत घसारा धरून काढते, मग मागून कोणी हलकं ठोकलं तरी दुरुस्तीचा खर्च किमतीच्या वर जातो आणि गाडी टोटल लॉस होते. असे चांगले ट्रक मी जाताना पाहिलेत, नुसतं एक मडगार्ड आणि हौदा दाबलेला. ॲग्रीड व्हॅल्यू पॉलिसी घ्या, त्यात किंमत आधीच ठरवून लिहिलेली असते. आणि टोटल लॉस झालाच तर गाडी स्वतःकडे ठेवता येते का हे क्लेम बंद व्हायच्या आधी विचारा, बहुतेक ठिकाणी तेवढे पैसे कापून ठेवू देतात पण टायटल सॅल्व्हेज होतं, म्हणजे कागदावर टोटल लॉसचा शिक्का राहतो.

आणि नाही वाचला तर? माझा नाही वाचला. मग यार्डवाल्याकडून तासाभराची परवानगी आणि पाना मागा. पहिल्यांदा त्या वस्तू काढा ज्या नवीन बनतच नाहीत किंवा बनतात पण बसत नाहीत. टेलगेट, चांगली काच (कोपऱ्यातल्या खुणेवरून किती सालची ते कळतं), डॅशबोर्डचे मीटर, स्टीलच्या पट्ट्या, एअर क्लीनरचं डबडं, सीटमागचा जॅक आणि त्याचा दांडा, हौद्यातल्या लाकडी फळ्या असतील तर त्यांच्यामधल्या लोखंडी पट्ट्या. पत्रा कापायची परवानगी मिळाली तर केबिनचे कोपरे अख्खे कापून घ्या, जरा जास्तच जागा सोडून, वेल्डिंगवाला दुवा देईल. वायरिंग उपसण्याआधी फोटो काढा, कुठली क्लिप कुठे, कुठला पाइप कशाच्या खालून, ही माहिती दुसऱ्या कोणाच्या तरी रिस्टोरेशनला पार्टपेक्षा जास्त उपयोगी पडते. कंपनीची ओळख नंबरची (व्हीआयएन) प्लेट मात्र काढू नका, ती काढून दुसऱ्या ट्रकला लावणं सरळ गुन्हा आहे, कोणी आग्रह केला तरी नाही म्हणा.

मला त्या दिवशी यार्डवाल्याने ग्लोव्ह बॉक्सचं झाकण तेवढं दिलं, बाकीचं तोपर्यंत दबलं होतं. स्टिकर शाबूत आहे. घरी येऊन एकेक कोड लावत बसलो तर ज्याने कोणी तो ट्रक ऑर्डर केला होता त्याने हिटर घेतला होता, मागचा बंपर घेतला होता आणि रेडिओ घेतला नव्हता.