गावात एकदम बरीच माणसं गेली की भजन कसं लावायचं

2021 च्या मे मध्ये, कोरोनात, आमच्या वाडीत तीन आठवड्यांत सात माणसं गेली. अंत्यविधीला वीसच्या वर माणूस चालत नव्हतं, दहाव्याला कोण नाही, गळ्यात पडून रडणं तर लांबच, त्या वर्षी पादुकासुद्धा एसटीनंच पंढरपूरला गेल्या. सगळं रडू आतच राहिलं. मग दिवाळीनंतर आम्ही देवळात भजन लावलं, तेव्हा जे कळलं ते लिहितोय, कुणावर अशी वेळ आली तर उपयोगी पडेल.

आधी ज्यांच्या घरची माणसं गेलीत त्या प्रत्येक घरी जाऊन विचारा, फोनवर नको. कुणी नाही म्हणालं तर आग्रह करू नका. स्पीकर लावू नका, माईकवर बुवांचाच आवाज येतो आणि बाकीचे नुसते ऐकत बसतात, इथं सगळ्यांचा गळा लागायला हवा. म्हणून पट्टीपण खाली घ्या, म्हाताऱ्या माणसांना झेपेल अशी.

आता मेन गोष्ट. सुरुवातीलाच धीर देणारं, आनंदाचं काही घेऊ नका. आधी विरहाचे अभंग, संथ लयीत. आळंदीत कार्तिक वद्य त्रयोदशीला आजही नामदेव महाराजांचे समाधीचे अभंग होतात, ज्ञानोबांनी समाधी घेतली 1296 साली, सव्वासातशे वर्षं होऊन गेली तरी लोकांचे डोळे वाहतात आणि कुणी त्यांना गप्प करत नाही.

आमच्या पखवाजवाल्या काकांचा सख्खा भाऊ गेला होता. दुसऱ्या अभंगाला त्यांचा हात थांबला. कुणी काही बोललं नाही, टाळकऱ्यांनी नुसत्या टाळावर ध्रुपद धरून ठेवलं, तीच एक ओळ परत परत, पाचेक मिनिटं तरी असेल, मग काकांनी डोळे पुसले, पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेल्या, वाळत आलेल्या कणकेवर ओलं बोट फिरवलं आणि बरोबर समेवर आत आले. मला आशा दिसली ती तिथं. म्हणून सांगतो, निदान चार टाळकरी असे ठेवा ज्यांच्या घरात दुःख झालेलं नाही, नसतील तर शेजारच्या गावातनं बोलवा, ध्रुपद सुटता कामा नये.

शेवटी पसायदान, वाद्यं बाजूला ठेवून. लगेच उठवू नका लोकांना, चहा ठेवा. आणि गेलेल्यांत कुणी भजनी असेल तर त्यांचे टाळ घरून मागून आणा आणि त्यांच्याच पोरापोरीच्या हातात द्या, येत नसलं तरी चालेल, दोन-तीन एकादश्यांत हात बसतो.