क्लचची हवा काढण्याआधी

आयटीआय करून गॅरेजात आलेली पोरं मारुती ८०० चा वायरवाला क्लच नीट ॲडजस्ट करतात, पण जुन्या सुमोखाली शिरली की गडबडतात. तिथे वायर नसते. पेडल दाबलं की मास्टर सिलेंडर पाइपातून ऑईल ढकलतो, त्या जोराने गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलेंडरचा रॉड पुढे सरकतो आणि क्लच सोडवणारा फोर्क हलतो. ऑईल दबत नाही, हवा दबते. पाइपात हवा शिरली की निम्मं पेडल तिलाच दाबण्यात जातं, क्लच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना खर्रर्र होतं.

आमच्या जळगावात अजिंठा चौफुलीकडे गाडी आणणारा मालक उतरल्या उतरल्या सांगतो, "भाऊ, फक्त हवा काढून द्या." ऐकून घ्या, पण लगेच पाना उचलू नका. हवा आली म्हणजे कुठून तरी वाट मिळाली. ड्रायव्हरच्या पायाशी वाकून पेडलच्या रॉडवरून बोट फिरवा. ओलं लागलं तर मास्टर गळतोय. मग खाली जाऊन स्लेव्हचं रबरी बूट जरा मागे सारा. आतून थेंब आला तर तिथली किट, म्हणजे आतल्या रबरांचा संच, बदला. दोन्हीकडे कोरडं, ऑईलच्या टाकीतली पातळीही जागेवर, तरी दाबून धरलेलं पेडल हळूहळू बसतंय? मग मास्टरच्या आतला रबरी वॉशर गेलाय. ही तपासणी न करता हवा काढली तर गाडी आठवड्यात परत दारात, आणि शिव्या तुम्हाला.

ऑईल म्हणजे ब्रेक ऑईल. डॉट ३ की डॉट ४ ते टाकीच्या झाकणावर वाचा. इंजिन ऑईल अजिबात नको, सगळी रबरं फुगतात. पावसाळ्यात उघडा राहिलेला डबाही नको. हे ऑईल हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलं की ती हद्द १४० पर्यंत उतरते. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर बॉनेटचा रंग सोलून निघेल.

आता काम. गाडी घसरू नये म्हणून चाकांना ओट लावा, गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही. डोळ्यांना चष्मा. स्लेव्हवरच्या निप्पलला, म्हणजे हवा सोडायच्या स्क्रूला, रिंग पानाच लावा, फिक्स पान्याने कोपरे गोल होतात. गंजला असेल तर आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. निप्पलवर पारदर्शक नळी चढवून तिचं टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडवा.

खरी मेख दोघांच्या बोलण्यात आहे. वर पेडलवर बसलेला "दाबलं" म्हणतो आणि पेडल तळाशी धरून ठेवतो. गाडीखालचा माणूस निप्पल अर्धा फेरा उघडतो, नळीतून बुडबुडे जातात, तो निप्पल बंद करतो आणि मगच "सोड" म्हणतो. वरच्याने आधीच पाय उचलला तर सैल आट्यांतून हवा परत आत. पेडल खालीच राहिलं तर हाताने वर ओढा. खालून "हवा शे आजून" असं येत राहील तोवर चालू द्या, आणि मधूनमधून टाकी भरा. टाकी रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून.

बुडबुडे थांबले, तरी कितीही केलं तरी पेडल मऊच लागत असेल तर स्लेव्ह कसा बसलाय ते बघा. निप्पल वरच्या बाजूलाच हवा. कुणी सिलेंडर उलटा बसवला असेल तर हवा वर अडकते आणि निप्पलमधून नुसतं ऑईल येतं.

झाल्यावर इंजिन चालू करून रिव्हर्स टाकून बघा. गाडी शक्यतो रात्रभर ठेवून घ्या. सकाळी पहिल्याच दाबाला गिअर पडला तर चावी द्या. दोनदा पंप मारावा लागला तर मालकाला फोन करून मास्टरच्या किटचा खर्च सांगा.