आयटीआय, डिप्लोमा, डिग्री: दहावीनंतर पायरी-पायरीने इंजिनिअर व्हायची वाट

दहावीला ५५ टक्के पडले, घरची दोन एकर कोरडवाहू जमीन, अकरावी-बारावी सायन्सच्या क्लासची फी परवडणारी नाही. माण, खटाव, जत, आटपाडी भागात अशी घरं कमी नाहीत. अशा मुलाला "आता आयटीआय कर आणि कामाला लाग" असं सांगून विषय संपवला जातो. सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. आयटीआयपासून बी.टेक.पर्यंत सरळ जिना आहे, आणि मधल्या कुठल्याही पायरीवर थांबून कमावता येतं.

अमेरिकेत हे काम कम्युनिटी कॉलेजं करतात: घराजवळ, कमी फीत दोन वर्षं शिकायचं, मग विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं. त्यातलं सर्वांत जुनं जोलिएटचं, १९०१ सालचं. आपल्याकडे ही जागा आयटीआय आणि तंत्रनिकेतनांनी भरली आहे.

जिना असा आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड. त्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. डिप्लोमावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, त्यासाठी खुल्या गटाला ४५ आणि राखीव गटाला ४० टक्के लागतात. म्हणजे दहावीनंतर एकूण सात वर्षं. दहावीवरून सरळ डिप्लोमाला गेलात तर सहा. डिप्लोमासाठी कराड आणि मिरजेची शासकीय तंत्रनिकेतनं आधी बघा. पुढे कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सांगलीचं वालचंद आहेतच.

सगळ्यात महागात पडणारी चूक ट्रेड निवडताना होते. वेल्डर एक वर्षाचा. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. "एक वर्षात मोकळा होईल" म्हणून वेल्डर घेतला की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचं दार बंद. पुढे शिकायचा नुसता विचार जरी मनात असला तरी दोन वर्षांचाच ट्रेड घ्या. त्यावर भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षताही मिळवता येते, ती भरतीच्या फॉर्मला उपयोगी पडते. आयटीआयला ८० टक्के हजेरी लागते. सुगीत आणि ऊसतोडीच्या दिवसांत मुलगा महिनाभर घरी राहिला की परीक्षेचा फॉर्म अडतो, हे घरच्यांनी आधीच लक्षात घ्यावं.

कागदपत्रांचं काम निकालाची वाट न बघता मे महिन्यातच उरका. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर. निकालानंतर सेतू केंद्रात आणि तहसीलला रांगा लागतात आणि फॉर्मची मुदत निघून जाते. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, जुनी प्रत चालत नाही. शाळेचा दाखला, आधार आणि जातीचा दाखला शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर ताडून बघा. एकात "पाटील" आणि दुसऱ्यात "पाटिल" असेल तर शाळा सोडण्याआधी दुरुस्त करून घ्या, नंतर तीच दुरुस्ती फार जिकिरीची होते. जात पडताळणीचा अर्ज मात्र डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातच टाकावा. डिग्रीच्या राखीव जागेला ते प्रमाणपत्र लागतं, आणि आजोबांच्या शाळेचा उतारा शोधण्यातच महिने जातात.

डिप्लोमाचा प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत (कॅप) फेरीतूनच घ्या. कॉलेजातून कोणी फोन करून "इथे सीट पक्की करा, फॉर्म आम्ही भरतो" म्हणालं तर थांबा. संस्था स्तरावरच्या किंवा व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला शुल्कमाफी मिळत नाही, आणि हे बहुतेकांना पहिला हप्ता भरल्यावर कळतं. पसंतीक्रम भरताना टीएफडब्ल्यूएसकडे, म्हणजे शिकवणी फी माफीच्या जागांकडे, लक्ष द्या. प्रत्येक शाखेच्या ५ टक्के जादा जागा असतात, त्यांची शिकवणी फी पूर्ण माफ असते, कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. या जागांचा कोड वेगळा असतो. तो त्याच कॉलेजच्या साध्या कोडच्या वर टाका. मात्र टीएफडब्ल्यूएसवर गेल्यावर पुढे कॉलेज बदलता येत नाही. पहिल्या क्रमांकावर टाकलेलं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं, म्हणून "बघू तरी" म्हणून काही वर टाकू नका.

पैशाचा हिशेब महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, चालतो. राजर्षी शाहू योजनेत शिकवणी फीची निम्मी रक्कम मिळते. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या मुलींची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मुलीला "फी नाही" म्हणून घरी बसवायचं कारण आता उरलेलं नाही. अर्ज दर वर्षी नव्याने करायचा, पहिल्या वर्षी केला म्हणून पुढचा आपोआप होत नाही. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. दोन खाती असतील तर शेवटी आधार जोडलेल्या खात्यात पडतात, आणि ते नेमकं बंद पडलेलं असलं की रक्कम परत जाते. अर्ज कॉलेजच्या कारकुनाकडे तपासणीला जातो; दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून तो परत पाठवलाय का बघा. एसटीचा विद्यार्थी पास एक-तृतीयांश भाड्यात मिळतो. वसतिगृह मिळालं तर "कमवा आणि शिका" चालू आहे का विचारा. १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीरांनी रुजवलेली ही पद्धत रयतच्या कॉलेजांत आणि शिवाजी विद्यापीठात अजून आहे.

घरी पैशाची फारच ओढ असेल तर आयटीआयनंतर एक वर्ष अप्रेंटिसशिप करा. किर्लोस्करवाडीचा कारखाना, कुपवाड, मिरज, सातारा आणि शिरवळच्या एमआयडीसी, महावितरण, एसटीचे डेपो, सगळीकडे घेतात. स्टायपेंड मिळतो, वर्ष वाया जात नाही, डिप्लोमाचं दार नंतरही उघडं राहतं. फक्त करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलाय याची खात्री करा. नोंद नसेल तर ती साधी मजुरी ठरते आणि शेवटी प्रमाणपत्र मिळत नाही.

आता अभ्यास. आयटीआयवरून आलेली मुलं वर्कशॉपमध्ये सगळ्यांच्या पुढे असतात आणि गणितात अडकतात, कारण डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं गणित त्यांनी पाहिलेलंच नसतं. आयटीआयची परीक्षा संपल्यापासून प्रवेशापर्यंत रोज दोन तास द्या: लॉगरिदम, त्रिकोणमितीची सूत्रं, मॅट्रिक्स, मग डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन, याच क्रमाने. त्रिकोणमिती कच्ची ठेवून इंटिग्रेशनला हात घातला तर काहीच हाती लागत नाही. इंग्रजीची धास्ती घेऊ नका. मराठीत समजून घ्या, पण तांत्रिक शब्द इंग्रजीतलेच पाठ करा, पेपरात तेच लागतात. डिप्लोमाच्या निकालाची टक्केवारी शेवटच्या वर्षावर धरतात आणि डिग्रीची गुणवत्ता यादी तिच्यावरच लागते. सुरुवात डळमळीत झाली तरी पाचव्या आणि सहाव्या सेमिस्टरमध्ये भरून काढता येतं. मात्र पहिल्या वर्षाचा विषय मागे ठेवू नका, तिसऱ्या वर्षाचा प्रवेश त्यावर अडतो.

डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाचे प्रवेश संपेपर्यंत कॉलेज सुरू होऊन काही आठवडे झालेले असतात. पहिल्या दिवशी वर्गातल्या एखाद्याकडून वह्या घेऊन झेरॉक्स काढा आणि एम-थ्रीच्या (तिसऱ्या सेमिस्टरच्या गणिताच्या) सरांना भेटून आतापर्यंत काय झालंय ते लिहून घ्या. डिप्लोमावरून आलेल्यांचा पहिला नापास विषय बहुतेक वेळा तोच असतो.