द्राक्षांचं व्हिनेगर घालताय? या चुका टाळा

मार्चअखेरीस तासगाव भागात माल उतरला की घडातून गळालेले मणी क्रेटच्या तळाशी उरतात. व्यापारी ते घेत नाही, बेदाण्याला टाकायला ते थोडे पडतात आणि घरातली पोरं तोवर द्राक्षांना कंटाळलेली असतात. असेच चार किलो शरद जातीचे काळे मणी कुस्करून मी पहिल्यांदा व्हिनेगर घातलं. काचेची बरणी गळ्यापर्यंत भरली, झाकण घट्ट फिरवलं. तिसऱ्या रात्री बरणी फुटली. ओट्यापासून छतापर्यंत जांभळे शिंतोडे. सासूबाई दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "लोणच्याला दादरा बांधतेस, मग ह्यालाच बूच कशाला ठोकलंस?"

व्हिनेगर दोन शिफ्टमध्ये होतं, साखर कारखान्यासारखं. पहिल्या शिफ्टला यीस्ट रसातली साखर खाऊन तिचं अल्कोहोल करतं आणि ढीगभर वायू सोडतं. त्याला बाहेरची हवा नको असते, पण वायूला वाट हवी. म्हणून झाकण नुसतं टेकवायचं आणि बरणी पाऊण भरायची. दुसऱ्या शिफ्टला अ‍ॅसिटोबॅक्टर हे जिवाणू त्या अल्कोहोलचं आम्ल करतात. हवा मिळाली नाही तर ते कामच करत नाहीत. इथे झाकण काढून दादरा बांधायचा. तोही सुती आणि दुहेरी. विरळ जाळी बांधली की चिलटं आत गेलीच समजा.

दुसरी चूक बागायतदारांच्या घरात हमखास होते: गोड मालाचा अभिमान. आमच्याकडे रसातली गोडी मोजायचं ब्रिक्स मीटर घरटी असतं, रसाचा एक थेंब टाकून बघा. वीस ब्रिक्सच्या रसाचं साधारण दहा-अकरा टक्के अल्कोहोल होतं, आणि एवढ्या कडक रसात दुसऱ्या शिफ्टचे जिवाणू रेंगाळतात. त्यांना पाच-सहा टक्के मानवतं. म्हणून रस आणि पाणी निम्मं-निम्मं. पाणी घालताना माझाही हात थरथरला होता, पण बिनपाण्याची बरणी जुलैपर्यंत दारूसारखीच वास मारत बसली. नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवून मग वापरा, क्लोरीन उडून जातं.

तिसरी चूक घाईची. 'मदर', म्हणजे जिवाणूंचा जेलीसारखा थर असलेलं, न गाळलेलं व्हिनेगर विरजण म्हणून घालतात ते बरोबरच, पण पहिल्या दिवशी घातलं तर त्याच्या आंबटपणाने यीस्टच दबतं. आठ-दहा दिवसांनी फसफस थांबली, चव घेतल्यावर गोडी लागेना, की रस गाळून घ्यायचा आणि तेव्हा चार वाट्या रसाला एक वाटी विरजण. दुकानातलं पांढरं, काचेसारखं सिंथेटिक व्हिनेगर इथे उपयोगाचं नाही, त्यात जिवंत काही नसतं.

रस आंबतच नाही, अशी तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते. माझ्या नणंदेने बेदाणा भिजवून घातला होता, पंधरा दिवस ढिम्म. पिवळाधमक बेदाणा होता, म्हणजे गंधकाची धुरी दिलेला. ती धुरी बुरशीला रोखते तशी यीस्टलाही रोखते. ताजे मणी तर धुवायलाच हवेत, फवारण्या किती होतात ते आपल्याला सांगायला नको. धुतल्यावर मण्यावरचं यीस्ट कमी उरतं, तेव्हा चिमूटभर ड्राय यीस्ट घालण्यात काही कमीपणा नाही. भुरी या बुरशीच्या रोगासाठी मारलेल्या गंधकाचा अंश राहिला तर पहिल्या आठवड्यात सडक्या अंड्यासारखा वास येतो. दोनदा या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओता, बहुतेक वेळा जातो.

दुसरा घाबरवणारा वास नेलपॉलिशचा. आम्ल आणि अल्कोहोल दोन्ही हजर असताना तो येतो. हवा कमी पडतेय किंवा उष्णता जास्त आहे, असं समजायचं. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये बरणी ठेवू नका. घरात, माठाजवळच्या सावलीत ठेवा आणि थांबा.

वर साय आली? गुळगुळीत, जेलीसारखा थर म्हणजे मदर. त्याला हलवू नका. बरणी रोज उचलून बघायच्या सवयीने तो बुडतो आणि नवा धरायला पुन्हा दिवस जातात. बुडाला म्हणजे बिघडला नाही. कोरडा, सुरकुतलेला पांढरा थर निरुपद्रवी असतो, काढून टाका. मात्र केसाळ, हिरवा-काळा ठिपका दिसला तर आख्खी बरणी मोरीत. वरचं काढून खालचं ठेवायचा मोह नको.

तांब्या-पितळेची आणि अ‍ॅल्युमिनियमची भांडी नकोतच. काच किंवा तडा न गेलेली चिनी मातीची बरणी.

दीड-दोन महिन्यांत घशाला झणका बसेल असं आंबट झालं की गाळा आणि आता, तिसऱ्यांदा, झाकणाकडे वळा. बाटली काठोकाठ भरून बूच घट्ट. उघडंच राहिलं तर अल्कोहोल संपल्यावर तेच जिवाणू आम्लालाही लागतात आणि व्हिनेगर पाणचट होत जातं. हे मी लग्नसराईत विसरले आणि तीन लिटर घालवलं.

पिताना थंडगार पाण्याच्या ग्लासात दोन चमचे व्हिनेगर, चमचाभर काकवी, चिमूट काळं मीठ. काकवी ग्लासातच घाला. बाटलीत घातली तर पुन्हा फसफस सुरू होऊ शकते. नुसतं कधीच पिऊ नका, दातांचं आवरण झिजतं. प्यायल्यावर चूळ भरा, लगेच ब्रश नको. पित्ताचा त्रास असेल किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि लोणच्यात हे घालू नका, त्यात आम्ल किती टक्के आहे ते आपण मोजलेलं नसतं. सासूबाईंनी एकदा विचारलं होतं, कैरीच्या फोडींना चालेल का म्हणून. त्यांना ग्लासच दिला हातात.