पेशंट बघायला जायच्या आधी

आधी फोन करा, पण पेशंटला नाही, त्याच्याजवळ रात्रंदिवस जो बसलाय त्याला. आज येऊ का, किती वाजता, काय आणू, एवढं विचारलं की बास. आणि पत्ता नीट घ्या, कारण आमच्या गोव्यात म्हापशाच्या हॉस्पिटलाला लोक अजून आझिलो म्हणतात नि मडगावच्याला हॉस्पिसियो, जिल्हा हॉस्पिटलं कधीच नव्या बिल्डिंगीत गेली पण तोंडात जुनंच नाव बसलंय, मग माणूस फळांची पिशवी घेऊन भलत्याच गेटवर उभा. बांबोळीला तर जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, केवढं पसरलंय, सुपर स्पेशालिटी वेगळ्या बिल्डिंगीत, तेव्हा बिल्डिंग, मजला, वॉर्ड आणि बेड नंबर मोबाईलवर लिहूनच घ्या. बसने जाणार असाल तर पणजी-मडगाव शटल नॉनस्टॉप असते, बांबोळीला थांबेल का ते चढायच्या आधीच विचारा.

आता स्वतःकडे बघा. ताप, खोकला असेल तर जाऊ नका, 'थोडीशीच सर्दी आहे' हे तुमच्यासाठी, कॅन्सरची केमो चालू असलेल्याला तीच महागात पडते. जुलाब-उलट्या झाल्या असतील तर थांबल्यावरही 48 तास घरीच. घरात पोराला कांजिण्या आल्या असतील आणि तुम्हाला कधी आल्या नसतील तर अजिबात नको, पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच त्या पसरतात. व्हिडिओ कॉल करा, कोणी रागवत नाही. लहान मुलांनाही नेऊ नका, पुष्कळ ठिकाणी गेटवरच अडवतात.

वॉर्डात शिरताना आणि निघताना, दोन्ही वेळा हात. सॅनिटायझर 20-30 सेकंद चोळायचं, सुकेपर्यंत. पेशंटला जुलाब असतील तर मात्र साबण-पाणीच, त्यातले काही जंतू सॅनिटायझरला दाद देत नाहीत.

खाण्याचं तर विचारूच नका. शहाळं म्हणजे अमृत असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं, पण त्यात पोटॅशियम भरपूर, डायलिसिसवाल्याला ते हृदयावर येऊ शकतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन असेल तर साधारण 6 तास आधीपासून जेवण बंद असतं, तिथे तुम्ही चवथीच्या नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा उघडलात की ऑपरेशन पुढे ढकललं. फुलं आयसीयूत चालत नाहीत, ती देवाला घाला.

बेडवर बसायचं नाही, हे मी अनुभवावर सांगतो. आमच्या मावशीला बघायला एक काका आले, स्टूल नव्हतं म्हणून बेडच्या कडेवर टेकले, खाली लोंबणारी लघवीची पिशवी पायात येत होती ती उचलून सरळ चादरीवर ठेवली, आणि मग निवांत स्वतःच्या बायपासची गोष्ट सुरू. ती पिशवी कायम मूत्राशयाच्या खालीच हवी, वर गेली की लघवी नळीतून मागे जाते आणि इन्फेक्शन होतं. सिस्टर धावत आली, काकांना वाटलं आपल्यालाच चहा विचारायला. तर नळी, सलाईन, ऑक्सिजनचा नॉब, कशालाच हात लावू नका, आणि 'आमच्या शेजाऱ्याला हेच झालेलं, तो गेला' असली माहितीही नको.

पेशंटपाशी दहा मिनिटं पुरे. खरा वेळ जवळ बसलेल्याला द्या, पेशंटला सिस्टर-डॉक्टर असतात, त्या बिचाऱ्याला कोणी नसतं. थर्मासात गरम पेज, सोबत लोणचं, लांब वायरचा चार्जर, सुट्टे पैसे, डासांची क्रीम, एवढं नेलंत तर तो तुम्हाला जन्मभर विसरणार नाही. त्याहून बरं म्हणजे 'मी दोन तास बसतो, तू घरी जाऊन आंघोळ करून ये' म्हणा, फक्त औषधाची वेळ काय आणि डॉक्टर आले तर काय विचारायचं ते त्याच्याकडून लिहून घ्या.

पेशंटसाठी रक्त द्यायला जाणार असाल तर उपाशी जाऊ नका, खाऊन जा. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5, आणि आधी दिलं असेल तर पुरुषांना 3 महिने, बायकांना 4 महिने झालेले हवेत. हे घरीच बघून जा, तिथे जाऊन परत फिरण्यात सगळ्यांचाच वेळ जातो.

पावसात ओली छत्री वॉर्डात ठिबकवू नका, लादीवर कोणीतरी घसरतं, प्लास्टिकच्या पिशवीत घाला. आणि निघताना ती पिशवी आठवणीने उचला, माझ्या दोन छत्र्या बांबोळीलाच राहिल्यात.