जुनं रोलरचं इस्त्री यंत्र दुरुस्त करून घेताना

रोलरच्या इस्त्री यंत्राची रचना साधी असते. अस्तर गुंडाळलेला रोलर मोटरवर सावकाश फिरतो, आतून तापलेला वळणदार पत्रा (याला शू म्हणतात) त्याला येऊन टेकतो, आणि दोहोंमधून चादर सरकत जाते. शू पुढेमागे करायला गुडघ्याने किंवा पायाने दाबायची दांडी असते. अमेरिकेत 1930 ते 1950 च्या दशकांत आयर्नराइट, थॉर, मेटॅग, बेंडिक्स अशा नावांनी ही यंत्रं घरोघरी विकली गेली, आणि त्यांतली बरीच अजून दुरुस्त होण्यासारखी आहेत.

या यंत्राचा असा खास मेकॅनिक आता सहसा सापडत नाही. त्याला शोधत बसू नये. बिघाड मोटरमध्ये आहे, गिअरबॉक्समध्ये, शूमध्ये की अस्तरात, हे आधी स्वतः ठरवायचं आणि तेवढाच भाग त्या कामातल्या माणसाकडे न्यायचा: मोटर वाइंडिंगवाल्याकडे, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी) टर्नरकडे, एलिमेंट (शू तापवणारी तार) हीटर बनवणाऱ्याकडे. अख्खं यंत्र एकाच्याच गळ्यात घातलं, तर तो त्याला कळतं तेवढं करतो आणि उरलेलं खोक्यात भरून परत देतो.

प्लग लावण्याआधी

‘चालतंय का बघू’ म्हणून थेट वीज देणं हा सगळ्यात महाग प्रयोग. वर्षानुवर्षं बंद असलेल्या यंत्रात वायरचं रबर चुरा झालेलं असतं आणि गिअरबॉक्समधलं ग्रीस मेणासारखं घट्ट बसलेलं असतं. आधी यंत्रावरची पाटी शोधा. ती बहुधा मागे किंवा टेबलाच्या खाली असते. व्होल्ट, सायकल (म्हणजे हर्ट्झ), वॅट आणि मॉडेल नंबर उतरवून घ्या. पाटीवर पेटंट नंबर असेल तर सोन्याहून पिवळं. जुनी अमेरिकी पेटंटं इंटरनेटवर फुकट बघता येतात आणि त्यांतल्या आकृत्यांत आतल्या दांड्या, क्लच, कॅम कसे बसतात ते दिसतं. माहितीपुस्तिका नसली तरी यावर बरंच काम भागतं.

मग मल्टिमीटर. एलिमेंटचा रोध किती असायला हवा ते पाटीवरूनच काढता येतं: व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. 115 व्होल्ट आणि 1200 वॅट असतील तर साधारण 11 ओहम. थर्मोस्टॅट चालू बाजूला फिरवूनच मोजा, नाहीतर चांगलं एलिमेंटही तुटलेलं वाटेल. काही यंत्रांत दोन एलिमेंट समांतर जोडलेली असतात. तिथे 11 च्या जागी 22 ओहम दिसले तर एक गेलं आहे. असा शू एका बाजूलाच तापतो. यानंतर मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) 500 व्होल्टवर एलिमेंट आणि बॉडी यांमधला इन्सुलेशन रोध बघायचा. तो 1 मेगाओहमच्या खाली आला म्हणून एलिमेंट लगेच फेकू नका. एलिमेंटभोवतीच्या अभ्रकाच्या थरांत दमट हवा मुरते. शू काही तास कोमट हवेत सुकवा आणि पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर एलिमेंट ठीक आहे.

ऍसबेस्टॉस

शू उघडण्याआधी हे वाचाच. ऍसबेस्टॉसचे बारीक धागे श्वासात गेले तर फुप्फुसांना घातक असतात. त्या काळच्या यंत्रांत एलिमेंटच्या मागचा उष्णतारोधक थर आणि शूकडे जाणाऱ्या वायरींवरचं विणलेलं आवरण बऱ्याचदा ऍसबेस्टॉसचं असतं. करडं-पांढरं, मऊ, कडेला धागे सुटलेलं काही दिसलं तर ते ऍसबेस्टॉस समजूनच वागायचं. ब्रशने झाडायचं नाही, हवेचा झोत मारायचा नाही, घासायचं नाही, घरातल्या व्हॅक्यूमने ओढायचं नाही. पाण्याचा बारीक फवारा मारून तो भाग ओला ठेवा, शू पुन्हा बंद करा आणि ऍसबेस्टॉस काढायचा परवाना असलेल्यांकडूनच काढून घ्या. शू दुसऱ्याकडे पाठवणार असाल तर त्यालाही हे आधी सांगा. न सांगता पाठवणं हा त्याच्या फुप्फुसांशी खेळ आहे. नव्याने बसवताना अभ्रकाचा पत्रा आणि काचधाग्याचं कापड वापरतात.

शूमधल्या वायरी साध्या पीव्हीसीच्या चालत नाहीत. एलिमेंटच्या टोकाशी काचधागा-अभ्रकाची, 450 अंश सेल्सियसला टिकणारी वायर आणि निकेलचा मुलामा दिलेली टर्मिनलं हवीत. तिथे शिसं-कथिलाचा डाग दिला तर तापल्यावर तो वितळून सांधा सुटतो. नवीन एलिमेंट करून घेताना व्होल्ट आणि वॅटबरोबर लांबी, रुंदी, जाडी आणि टर्मिनलची जागा कागदावर आखून द्या. ‘थोडे जास्त वॅट टाका, लवकर तापेल’ हा सल्ला नाकारा. थर्मोस्टॅटच्या संपर्कांना तो भार झेपत नाही, ते चिकटून बसतात, आणि मग तापमान वाढतच जातं.

मूळ केबल बहुधा दोन तारांची असते, अर्थिंगची तार नसते. ती बदलून तीन तारांची, 1.5 चौरस मिलिमीटरची, उष्णता सोसणारी रबर केबल घाला. अर्थची तार फक्त सांगाड्याला जोडून थांबू नका. शू बिजागरीवर हलतो, आणि बिजागरीत ग्रीस असतं, त्यामुळे तिथून अर्थ मिळेल याचा भरवसा नाही. सांगाड्यापासून शूपर्यंत विणलेल्या तांब्याची लवचीक पट्टी वेगळी द्या. प्लगच्या अर्थ पिनपासून शूपर्यंत अर्ध्या ओहमपेक्षा कमी रोध हवा.

मोटर आणि गिअरबॉक्स

मोटर गुणगुणते पण फिरत नाही, ही नेहमीची तक्रार. मोटर जळाली असं ठरवण्याआधी तिला गिअरबॉक्सपासून सोडवा आणि शाफ्ट हाताने फिरवा. मोटर मोकळी फिरली आणि गिअरबॉक्स जड लागला, तर दोष ग्रीसचा. मोटरच जड असेल तर बेअरिंगमधल्या फेल्टला (तेल धरून ठेवणाऱ्या नमद्याला) एसएई 20 मोटर ऑइलचे चार-पाच थेंब देऊन काही तास थांबा. मोकळी मोटरही वीज दिल्यावर गुणगुणतच राहिली तर तिला सुरुवातीचा जोर देणारे कपॅसिटर किंवा सेंट्रिफ्यूगल स्विच तपासा. या दोन्ही गोष्टी रिवाइंडिंगच्या मानाने किरकोळ आहेत. रिवाइंडिंग करावंच लागलं, तर वाइंडिंगवाल्याला वेढे आणि तारेचा गेज मोजून लिहून ठेवायला सांगा आणि फिरण्याची दिशा बाणाने दाखवा. उलटी जोडलेली मोटर कापड तुमच्याच अंगावर परत ढकलते.

गिअरबॉक्स उघडला की जुनं ग्रीस लाकडी पट्टीने खरवडून काढा, रॉकेलने धुवा, पूर्ण वाळवा. आत पितळी किंवा गनमेटलचं गिअर असेल तर जीएल-5 जातीचं गिअर ऑइल घालू नका; त्यातली गंधकयुक्त रसायनं पिवळ्या धातूला खातात. तेल खुणेच्या किंवा लेव्हल प्लगच्या वर भरायचं नाही. जादा तेल शाफ्टच्या सीलमधून झिरपत रोलरच्या अस्तरात जातं, आणि पुढच्या चादरींवर पिवळे डाग येतात. मूळ सील चामड्याचं असतं. शाफ्ट आणि घर मोजून त्या मापाचं नायट्राइल रबराचं सील मिळतं. टर्नरकडे बुश देताना शाफ्टही सोबत द्या, कारण झीज दोघांचीही झालेली असते.

अमेरिकी यंत्राचे स्क्रू इंचातले असतात. पाव इंच जाडीचा, इंचाला वीस आट्यांचा बोल्ट हरवला की कोणीतरी एम 6 (6 मिलिमीटरचा) लावून बघतो. तो पातळ असतो आणि त्याच्या आट्यांतलं अंतर 1 मिलिमीटर, मूळचं 1.27. दोन-तीन आटे बसतो, मग बीडातली वाट कायमची खराब करतो.

230 व्होल्टच्या ठिकाणी 115 व्होल्टच्या यंत्राला स्टेप-डाउन (व्होल्ट कमी करणारा) ट्रान्सफॉर्मर लागतो: 1500 वॅटच्या यंत्राला सतत भार झेलणारा किमान 2000 व्हीए (व्होल्ट-अँपिअर). प्रवासात वापरायचे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर मोटरचा घात करतात. 60 सायकलची मोटर 50 वर सुमारे सतरा टक्के हळू चालते आणि जास्त तापते. मोटरला ट्रान्सफॉर्मरवर 95-100 व्होल्टचा वेगळा टॅप (जोडणी) दिला तर तिचं तापणं आटोक्यात राहतं.

अस्तर

अस्तर म्हणजे नुसती गादी समजून लोक हाताला येईल ते गुंडाळतात, आणि मग इस्त्री नीट होत नाही म्हणून शूला दोष देतात. जुनं अस्तर काढताना त्याची जाडी, थरांची संख्या आणि गुंडाळायची दिशा लिहून ठेवा. नवीन अस्तर सुती वॅडिंगचं (कापसाच्या जाड थराचं) किंवा लोकरी फेल्टचं हवं. पॉलिएस्टर आणि फोम वितळतात. थर जास्त झाले तर शू आवळून बसतो आणि मोटर अडखळते. कमी झाले तर दाबच पडत नाही. गुंडाळताना शेवटची कड रोलर फिरताना मागे राहील अशी ठेवा. ती पुढे आली तर शू तिलाच उचकटतो. वरचं आवरण मांजरपाटाचं. खळ निघून कापड आटावं म्हणून ते आधी दोनदा गरम पाण्यात धुवायचं, आणि दोन्ही टोकांना नाडी ओवून ओढून घ्यायचं.

शूवरचा गंज 0000 नंबरच्या स्टील वूलने काढा, पॉलिश पेपरने नको. मग कोमट शूवरून कापडात गुंडाळलेलं मेण फिरवून पुसून टाका.

पहिली चाचणी

खिडक्या उघड्या ठेवून, शू रोलरपासून दूर असताना, कमी तापमानावर पंधरा मिनिटं चालवा. उरलेल्या तेलाचा थोडा धूर येईल. तो थांबला नाही तर बंद करा. नंतर ओलसर पांढरी जुनी चादर घाला. ओली पट्टी राहिली तर तिथलं अस्तर खाली बसलेलं आहे. एकाच जागी करपलं तर आधी अस्तराची जाडी बघा, मग थर्मोस्टॅट. शेवटी शू रोलरवर टेकलेला असतानाच प्लग काढा आणि हाताची सुटका-दांडी ओढून शू मागे येतो का ते पाहा. ही दांडी जाम असेल तर बाकी सगळं ठीक असूनही यंत्र वापरू नका: वीज गेली की तापलेला शू कापडावर तसाच दाबून राहतो.