पाहिलेल्या चित्रपटाविषयी मत कसे मांडावे

चित्रपट पाहून आलेल्या माणसाला "कसा वाटला?" असे विचारले, की बहुधा "लय भारी" किंवा "पैसे वाया गेले" एवढेच उत्तर मिळते. त्यातून बोलणाऱ्याचा आनंद किंवा राग कळतो, चित्रपट मात्र कळत नाही. मराठवाड्यात ही उणीव अधिक जाणवते, कारण तालुक्याच्या अनेक गावांतील टॉकीज बंद पडल्या आहेत आणि खेड्यातील एखाद्या कुटुंबाला नवा चित्रपट पडद्यावर पाहायचा असेल, तर तिकिटाबरोबर लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरपर्यंतच्या प्रवासाचा खर्च आणि अख्खा रविवार मोजावा लागतो. आपल्या शब्दावर विसंबून कोणी एवढे करणार असेल, तर ते मत ऐकणाऱ्याला पडद्यावरील गोष्टींशी ताडून पाहता आले पाहिजे. त्यासाठी काय करावे, ते येथे मांडले आहे.

पहिली गोष्ट अशी, की इतरांची परीक्षणे वाचण्यापूर्वी, शक्यतो त्याच रात्री, लक्षात राहिलेले तीन-चार प्रसंग वहीत लिहावेत. लिहिताना "छान", "हृदयस्पर्शी" असे शब्द टाळावेत आणि काय दिसले, काय ऐकू आले तेवढेच नोंदवावे. उदाहरणार्थ, नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त पकडलेले डुक्कर बांधून खांद्यावरून नेणारे कुटुंब शाळेच्या ज्या भिंतीजवळून जाते, त्या भिंतीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रे आहेत. एवढे नोंदवले, की "दिग्दर्शक जातीविषयी एकही वाक्य न उच्चारता बोलतो" या विधानाला आधार मिळतो. ऐकणाऱ्याला ते पटो अथवा न पटो, पण तो त्या प्रसंगाकडे परत जाऊन स्वतः पाहू शकतो. "सामाजिक भान असलेला चित्रपट" एवढेच म्हटले असते, तर त्यावर कोणाला होकारही देता आला नसता आणि नकारही.

प्रसंग हाताशी आले, की कशाचे श्रेय किंवा दोष कोणाकडे जातो ते पाहावे. संवाद कृत्रिम असतील तर ते नटाने लिहिलेले नसतात. दृश्य अंधूक असेल तर तो छायालेखकाचा हेतू असू शकतो किंवा चित्रपटगृहातील प्रक्षेपणाचा दोषही असू शकतो. म्हणूनच चित्रपट कोठे आणि कसा पाहिला ते मताच्या आरंभीच सांगावे. मोबाइलच्या पडद्यावर, बसमध्ये, एका कानात इअरफोन घालून पाहिलेल्या चित्रपटाच्या ध्वनिसंयोजनावर ठाम मत देऊ नये. हिंदीत डब केलेल्या तेलुगू किंवा तमिळ चित्रपटात आपण ऐकतो तो आवाज पुष्कळदा त्या नटाचा नसतो, तेव्हा त्याच्या संवादफेकीविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. देगलूर-बिलोलीकडील ज्या प्रेक्षकांना तेलुगू समजते, त्यांनी मूळ आवृत्ती पाहून दोहोंतील फरक इतरांना सांगितला तर ते मोलाचे काम होईल. चित्रपटगृहात चोरून टिपलेली प्रत पाहून तर मत देऊच नये. असे चित्रण करणाऱ्यास 2023 च्या कायदादुरुस्तीनुसार किमान तीन महिने कारावास आणि तीन लाख रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या प्रतीत चौकट, रंग, आवाज यांपैकी काहीच धड उरलेले नसते.

आता बोलीविषयी, कारण आपल्या भागात सर्वाधिक वाद याच मुद्द्यावर होतात. पडद्यावरील एखादे पात्र मराठवाड्याचे म्हणून बोलू लागले, की "आपल्याकडे असे कोणी बोलत नाही" हा शेरा लगेच येतो. तो देण्यापूर्वी कथा नेमकी कोठे घडते ते तपासावे. मराठवाड्यात आठ जिल्हे आहेत आणि त्यांची बोली एक नाही. लातूरकडे "काय करू लालास?" असे विचारतात, तर नांदेड-परभणीकडे "काय करायलास?" असे ऐकू येते. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे उर्दू आणि दखनी शब्द रोजच्या बोलण्यात मुरले आहेत. उदगीर-निलंग्याकडे कन्नडचा शेजार आहे, देगलूरकडे तेलुगूचा. तेव्हा जालन्याच्या पात्राची बोली उदगीरच्या प्रेक्षकाला परकी वाटली, तर तो लेखकाचा दोष असेलच असे नाही. "हे पात्र अमुक तालुक्यातील आहे, त्या भागात मी वाढलो, तेथे हे वाक्य असे बोलले जात नाही" अशा रूपात आक्षेप मांडावा. असा आक्षेप लेखक-दिग्दर्शकांनाही उपयोगी पडतो.

उच्चारांपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न असा, की बोली कोणत्या कामासाठी वापरली आहे. मकरंद अनासपुरे यांच्यामुळे ही बोली महाराष्ट्रभर घरोघरी पोहोचली आणि तिच्यातील विनोद सर्वांना आवडला, हे मोठेच काम झाले. मात्र त्यानंतर अनेक मालिकांत ही बोली फक्त गड्याच्या, हवालदाराच्या किंवा गावंढळ मामाच्या तोंडी येते, आणि डॉक्टर, शिक्षिका, नायिका मात्र पुणेरी प्रमाण भाषेत बोलतात. मालिकेविषयी लिहिताना कोणते पात्र कोणत्या भाषेत बोलते याची नोंद ठेवावी. मला स्वतःला ही बाब अभिनयाच्या चर्चेहून महत्त्वाची वाटते, कारण अभिनयावर बोलणारे पुष्कळ आहेत, ही नोंद मात्र आपणच करू शकतो.

दुष्काळावरील चित्रपटाच्या बाबतीत आपल्याकडे एक वेगळीच जबाबदारी येते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या दिवसांत टँकरपुढे घागर घेऊन उभे राहिलेल्या माणसाला पडद्यावरील कोरडी विहीर इतरांसारखी दिसणार नाही. ही आठवण लपवू नये, ती स्पष्ट सांगावी आणि मग विचारावे, की मला रडू आले ते या दृश्यामुळे की माझ्या आठवणीमुळे? दोन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत, पण चित्रपटाच्या गुणवत्तेविषयी पहिलेच काही सांगते. आदिनाथ कोठारे यांचा 'पाणी' हा चित्रपट नांदेड जिल्ह्यातील नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांच्या जलसंधारणाच्या कामावर आधारलेला आहे. अशा चित्रपटाविषयी बोलताना गावात प्रत्यक्ष काय घडले, चित्रपटात त्यातील काय घेतले आणि ते कसे सांगितले, हे तीन भाग वेगळे ठेवावेत. कार्य थोर आहे म्हणून चित्रपट आपोआप थोर ठरत नाही, आणि चित्रपटात काही उणे वाटले म्हणून कार्याला उणेपणा येत नाही.

दूरचित्रवाणी मालिकांविषयी थोडक्यात. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळता साधारण 22 मिनिटांची कथा असते आणि ती रोज पुढे न्यायची असते, त्यामुळे एका भागावरून निर्णय देऊ नये. किमान दोन आठवड्यांचे भाग पाहावेत. खलनायिकेचे पात्र संताप आणत असेल, तर तो राग त्या अभिनेत्रीच्या व्यक्तिगत जीवनावर काढू नये.

रहस्य फोडण्याविषयी माझा नियम सोपा आहे. जाहिरातीच्या झलकेत दिसते तेवढे आणि पहिल्या वीस मिनिटांत घडते तेवढे मोकळेपणाने सांगावे, पुढचे सांगायचे असेल तर आधी विचारावे. शेवटाशिवाय मुद्दा मांडताच येत नसेल, तर तो भाग लेखाच्या अखेरीस ठेवावा आणि तशी सूचना आधीच द्यावी.

एकट्याने लिहिण्यापेक्षा एकत्र बसून बोलणे अधिक फलदायी ठरते. सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी 1947 मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटी सुरू केली, 1968 मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ उभे राहिले; या चळवळीत चित्रपटाइतकेच त्यानंतरच्या चर्चेला महत्त्व होते. गावातील वाचनालयात किंवा एखाद्याच्या ओसरीवर आठ-दहा जणांनी महिन्यातून एकदा जमले तरी पुरते. सर्वांनी एकच चित्रपट आधी पाहून यावे. बोलण्याचा क्रम मात्र विचारपूर्वक ठरवावा: आपल्याकडे बैठकीत आधी सर किंवा काका बोलतात आणि मग बाकीचे मान डोलावतात. म्हणून सर्वांत लहान मुलामुलींना प्रथम बोलू द्यावे, नंतर स्त्रियांना आणि ज्येष्ठांना अखेरीस. मतभेद झाला तर "सर, तुमचे चुकते" असे न म्हणता "सर, विहिरीवरचा तो प्रसंग मला वेगळा दिसला, ती त्याच्याकडे पाहतच नव्हती" असे म्हणावे. मान राखला जातो आणि चर्चा त्या प्रसंगावर येते. छत्रपती संभाजीनगरात भरणाऱ्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात एखाद्या दिग्दर्शकाशी बोलण्याची संधी मिळाली, तर भाषण न करता एकाच दृश्याविषयी एकच प्रश्न विचारावा.

लिहिलेल्या प्रत्येक मताखाली तारीख आणि पाहण्याचे ठिकाण नोंदवावे. तोच चित्रपट काही वर्षांनी पुन्हा पाहिल्यावर मत बदलले, तर जुने खोडू नये. त्याच्याखाली नवी तारीख घालून कोणत्या प्रसंगामुळे मत बदलले तेवढे लिहावे.